पंधराव्या वर्षाची रेघ

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लशीचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो. एका बाईची मुलगी चौदा वर्षं अकरा महिन्यांची. तिच्या शेजारणीची पंधरा वर्षं एक महिन्याची. दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या. डॉक्टर एकीला दोन डोस सांगतात, दुसरीला तीन. या दोन महिन्यांत पोरीच्या अंगात असं काय बदललं?

प्रश्न साधा आहे, पण विचारणाऱ्या बाईला त्याचं उत्तर सहसा मिळत नाही. दवाखान्यात गर्दी असते, औषधाच्या दुकानात नुसती किंमत सांगतात, आणि शाळेतून येणाऱ्या चिठ्ठीवर तारीख आणि वेळ यापलीकडे काही नसतं. मग बाई दोनपैकी एक करते. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून सोडून देते, नाहीतर उसनेपासने करून सांगतील तेवढे डोस देते.

खरं उत्तर असं आहे, की त्या दोन महिन्यांत मुलीच्या अंगात विशेष काहीच बदलत नाही. ही रेघ शरीराने ओढलेली नाही. अभ्यासासाठी पाडलेले वयोगट, लशीचा परवाना आणि पैशाचा हिशेब यांतून ती तयार झाली. रेघच नको असं माझं म्हणणं नाही. कार्यक्रम म्हटला की कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेच्या अगदी अलीकडे किंवा पलीकडे उभ्या असलेल्या मुलीबद्दल शंका आली, तर शंकेचा फायदा त्या मुलीला मिळाला पाहिजे. आणि निर्णय कशाच्या आधारावर होतो हे तिला व तिच्या आईला समजलं पाहिजे. स्त्रियांच्या गटांनी या प्रश्नात लक्ष घालावं ते एवढ्यासाठी.

आधी मूळ गोष्ट. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुसंख्य बायकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो त्यांच्यापैकी काहींना पुढे दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. त्याच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोन सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ८० हजार बायका त्याने गेल्या. लस विषाणूचा संसर्ग होण्याआधी द्यायची असते. संसर्ग झाल्यावर ती तो बरा करत नाही. म्हणून ९ ते १४ हे वय सांगितलं जातं.

ही लस २००६ साली जगाच्या बाजारात आली, २००८ साली भारतात आली. सुरुवातीला सगळ्यांनाच तीन डोस होते. मोठ्या चाचण्या झाल्या त्या तरुण स्त्रियांवर, कारण गर्भाशयमुखात बदल होतात का हे त्यांच्यातच तपासता येतं. दहा वर्षांच्या मुलीची तशी तपासणी करता येत नाही, करूही नये. मग लहान मुलींच्या रक्तात लशीनंतर किती प्रतिपिंडं तयार होतात ते मोजायचं आणि मोठ्यांशी ताडून पाहायचं असा मार्ग काढला गेला. कॅनडात ८३० मुली व तरुणींवर झालेल्या अशा एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ९ ते १३ वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दिले, १६ ते २६ वर्षांच्या तरुणींना तीन. लहान मुलींची प्रतिपिंडं कमी पडली नाहीत. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांखालच्या मुलींना दोन डोस पुरेत असं सांगितलं.

आता हे वयोगट पुन्हा वाचा. ९ ते १३, आणि १६ ते २६. ज्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींबद्दल आपण बोलतो आहोत त्या यात कुठल्याच गटात नव्हत्या. पुढच्या अभ्यासांनी ९ ते १४ असा गट घेतला आणि पंधरावर रेघ पक्की झाली. लहान वयात प्रतिसाद जास्त जोरकस असतो आणि वय वाढेल तसा तो हळूहळू कमी होतो, हे खरंच आहे. पण हळूहळू उतरणाऱ्या वाटेवर एका वाढदिवसाशी पायरी बांधली ती माणसांनी.

या कथेत एक प्रकरण आपलं, भारतातलं आहे, आणि त्यात महाराष्ट्रातल्या मुलीही आहेत. दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी २००९ साली देशात नऊ ठिकाणी एक मोठा अभ्यास सुरू झाला. पुणे, मुंबई आणि बार्शी ही त्यातली आपली तीन ठिकाणं. १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुली त्यात होत्या. त्याच सुमारास आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात 'पाथ' ही अमेरिकी संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेबरोबर एक वेगळा प्रकल्प चालवत होती. त्यात हजारो मुलींना, खम्मममध्ये अनेक आदिवासी मुलींना वसतिगृहांतून, ही लस दिली गेली. सात मुलींचे मृत्यू झाल्याचं समोर आलं. दिल्लीच्या 'समा' या स्त्री-आरोग्य गटाच्या कार्यकर्त्या मार्च २०१० मध्ये खम्ममला जाऊन आल्या. मुलींना, पालकांना काय सांगितलं गेलं होतं आणि काय नाही, हे त्यांनी लोकांसमोर मांडलं. एप्रिल २०१० मध्ये सरकारने हा प्रकल्प थांबवला आणि या लशीचे इतर अभ्यासही थांबवले.

पुढे चौकशी समितीने त्या मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता जवळजवळ नाही असं म्हटलं. पण प्रकल्प कसा राबवला गेला याचं जे चित्र बाहेर आलं ते लाज आणणारं होतं. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ सालच्या अहवालात नोंद आहे, की आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या आणि १,९४८ वर अंगठे होते. आईबापांना पत्ता नाही, मुलीला विचारलेलं नाही, आणि कागद मात्र पूर्ण!

अभ्यास थांबला तेव्हा पुणे, मुंबई, बार्शी आणि इतर ठिकाणच्या हजारो मुलींना ठरलेल्यापैकी एकच डोस मिळालेला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला. दहा वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. १६ आणि १८ या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोस घेतलेल्यांत लशीचा परिणाम ९५.४ टक्के दिसला. तीन डोस घेतलेल्यांत तो ९३.३ टक्के होता. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. या मुली एका डोसच्या गटात चिठ्ठी टाकून निवडलेल्या नव्हत्या, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरेसा नव्हता. एका डोसने प्रतिपिंडं कमी तयार होतात, हेही खरं. पण ती वर्षानुवर्षं टिकून राहिली. मग केनियात १५ ते २० वर्षांच्या २,२७५ तरुणींवर रीतसर चाचणी झाली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष आले. दीड वर्षानंतर एका डोसचा परिणाम ९७.५ टक्के होता. लक्षात घ्या, या सगळ्या पंधराच्या पुढच्या होत्या.

डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एक किंवा दोन डोस, १५ ते २० वर्षांच्या तरुणींनाही एक किंवा दोन, २१ च्या पुढे दोन. म्हणजे सार्वजनिक कार्यक्रमांपुरती त्या संघटनेने पंधराची रेघ पुसून टाकली. इकडे लशीच्या खोक्यावरच्या माहितीपत्रकात आणि खाजगी बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात मात्र ती कायम आहे. पंधराच्या आत सहा महिन्यांच्या अंतराने दोन, पंधरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत तीन. दोन्ही बाजू आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. डॉक्टर परवान्याप्रमाणे सांगतात, संघटना लाखो मुलींचा विचार करून सांगते. मधे उभ्या असलेल्या आईला मात्र दोन्ही गोष्टी एकत्र कुणी सांगत नाही.

हे अंतर नुसतं शास्त्राचं नाही, पैशाचंही आहे. भारतात तयार झालेली लस २०२३ साली बाजारात आली तेव्हा एका डोसची किंमत सुमारे २,००० रुपये होती. शेतमजूर बाईची आठ-दहा दिवसांची मजुरी एका टोचणीत जाते. दोनाचे तीन झाले की घरात विचार सुरू होतो, आणि दोन मुली असल्या तर विचार तिथेच थांबतो. "तीन परवडत नाहीत, मग एकही नको" असं म्हणून किती मुली सुटत असतील! त्या आईला कुणी एवढंच सांगितलं असतं, की एक डोस म्हणजे अर्धवट काम नव्हे, तर निर्णय वेगळा झाला असता.

मग बैठकीत काय सांगायचं? मला वाटतं, हे सांगायचं.

मुलगी चौदा पूर्ण आणि पंधरा अपुरी असेल तर वाढदिवसाची वाट पाहू नका, पहिला डोस आधी घ्या. वय मोजलं जातं ते पहिल्या डोसच्या दिवशी. दुसरा डोस सहा महिन्यांनी, म्हणजे पंधरा उलटल्यावर पडला तरी ती दोन डोसचीच मुलगी राहते, तिसरा लागत नाही. मुलगी नुकतीच पंधरा ओलांडून गेली असेल तर "वेळ गेली" असं मानू नका. खाजगीत तीन सांगतील, ते परवाना तसा आहे म्हणून. परवडत असतील तर घ्यायला हरकत नाही. परवडत नसतील तर एक किंवा दोन डोसनीही चांगलं संरक्षण मिळतं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हे डॉक्टरांपुढे मांडा आणि त्यांच्याशी बोलून ठरवा. आणि सरकारी केंद्रात एकच डोस मिळाला म्हणून आपल्या मुलीला कमी प्रतीचं दिलं असं समजू नका.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुली आणि ज्यांची प्रतिकारशक्ती इतर कारणाने कमी आहे अशा मुली. त्यांना वय काहीही असो, किमान दोन आणि शक्य तर तीन डोस द्यावेत अशी शिफारस आहे. शाळेच्या रांगेत सगळ्यांना एकच डोस देऊन मोकळं होणाऱ्या कार्यक्रमात या मुलींचं काय? त्यांना रांगेतून बाजूला काढून विचारलं तर वर्गाला कळणार. विचारलं नाही तर त्या कमी पडणार. त्यांचे पुढचे डोस उपचार केंद्रातच, गुपचूप आणि मोफत मिळतील अशी सोय आधीच हवी.

आता कागदावरच्या वयाबद्दल. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजींनी दाखल्यावर टाकलेली तारीख जन्मभर चिकटते. जन्मनोंदणी सुधारली असली तरी पाड्यांवर, पालांवर, भटक्या कुटुंबांत आजही अशा मुली आहेत, ज्यांचं दाखल्यावरचं वय आणि खरं वय यांत वर्षाचा फरक आहे. "चौदा पूर्ण, पंधरा अपूर्ण" अशी एका वर्षाची खिडकी कार्यक्रमाने ठेवली, तर अशी मुलगी कागदाने बाहेर पडते. त्यात शाळा सोडलेली मुलगी तर यादीतच नसते. आणि जिला लशीची जास्त गरज, तीच बहुधा शाळा सोडलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. "लग्नाला अवकाश आहे, आत्ता कशाला" म्हणणाऱ्या घरात तो अवकाश कधी कधी वर्षभराचाही नसतो.

ऊसतोड कुटुंबांचं उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघायचं, उन्हाळा लागता लागता परतायचं. शाळेत लसीकरण डिसेंबर-जानेवारीत ठेवलं तर या मुली फडावर असतात. तेच भाद्रपदात ठेवलं तर निघण्याआधी पहिला डोस होतो, आणि दुसरा द्यायचा असेल तर तो परतल्यावर, सहा महिने उलटून गेल्यावर सहज बसतो. अंतर सहा महिन्यांपेक्षा जास्त झालं तर बिघडत नाही, कमी होऊ नये एवढंच. वेळापत्रक मुलींच्या आयुष्याप्रमाणे बसवता येतं. बसवायची इच्छा हवी.

याच बायकांच्या संदर्भात एक धोकाही सांगायला हवा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्य त्यांच्यातल्या कित्येकींनी ऐकलं होतं. कॅन्सरची भीती विकून बाईच्या शरीरावर काय काय करता येतं हे आपण पाहिलं आहे. लशीचा प्रचारही भीतीवर चालला, तर उद्या हीच भीती तिसऱ्या डोसला, महागड्या लशीला आणि अनावश्यक शस्त्रक्रियेला गिऱ्हाईक आणून देईल. प्रचार माहितीवर चालावा असा आग्रह धरायचा तो यासाठी.

आपल्या काही मैत्रिणींचं म्हणणं असं, की या लशीबद्दल चळवळीने एकदा जे ठरवलं तेच धरून राहावं. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी वेगळं म्हणते. २०१० साली चळवळीने विचारलेले प्रश्न संमतीचे होते आणि ते आजही तितकेच खरे आहेत. पण संमतीचा आग्रह म्हणजे नकाराचा आग्रह नव्हे. मधल्या वर्षांत पुरावा वाढला आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्याच मुलींच्या शरीरांतून आला आहे, त्यांनी न निवडलेल्या एका डोसमधून. त्या पुराव्याचा फायदा पैसेवाल्या घरातल्या मुलींना मिळावा आणि वस्तीतल्या मुलीला आपल्या संशयामुळे मिळू नये, हे त्या मुलींवर अन्याय करणारं होईल.

दुसरं म्हणणं असं, की लशीच्या गोंधळात आयांची तपासणी मागे पडेल. ही भीती रास्त आहे. त्याच पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. आणि तपासणीने जीव वाचतात हे सिद्ध झालं ते आपल्याच राज्यात. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३० हजार बायकांच्या अभ्यासात, आयुष्यात एकदा एचपीव्हीची चाचणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात असं २००९ साली दिसून आलं. मुंबईच्या वस्त्यांत साध्या व्हिनेगरसारख्या द्रावाने, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांना मात्र ती तपासणी दिली गेली नाही, आणि त्यावर टीकाही झाली. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला पुरावा दिला, तिथल्या आयांची तरी नियमित तपासणी व्हायला नको का? लेकीला लस द्यायला आलेली तीस वर्षांवरची आई तिथेच तपासून जाईल अशी व्यवस्था अवघड नाही. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तपासणी करून घ्यायचीच आहे, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

आणि विषाणू पुरुषांकडूनही येतो. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही ही लस शाळेत दिली जाते. आपल्याकडे पैसा कमी म्हणून मुली आधी, हे समजण्यासारखं आहे. पण म्हणून हा "बायकांचा रोग" ठरू नये.

तेव्हा आपल्या मागण्या ठोस असाव्यात. वयोगट एका वर्षाचा न ठेवता पहिल्या फेरीत तरी रुंद ठेवा. सिक्कीमने २०१८ साली ९ ते १४ वर्षांच्या सगळ्या मुलींना एकदम घेतलं होतं. तिथे जमलं ते इथे का जमू नये? दाखल्यावरच्या तारखेबद्दल वाद असेल तर आईचा शब्द धरा. रेघेच्या पलीकडे दोन-चार महिने गेलेल्या मुलीला परत पाठवू नका. शाळाबाह्य, स्थलांतरित आणि वसतिगृहातल्या मुलींची वेगळी यादी करा. लस का, किती, त्रास झाला तर कुठे जायचं, आणि नको असेल तर नाही म्हणता येतं, हे मराठीत आणि त्या त्या भागातल्या आदिवासी बोलीत, पालकांना टोचणीच्या किमान आठवडाभर आधी सांगा. अधीक्षकांची सही आईबापांच्या जागी चालणार नाही. आणि सहीच्या आधी मुलीला स्वतःला विचारा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या शरीराबद्दलची गोष्ट समजते. समजावून सांगणारं माणूस हवं.

ते माणूस होणं आपल्या हातात आहे. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारून याव्यात. कुठला वयोगट धरता, किती डोस देता, आणि रेघेवरच्या मुलीचं काय करता. उत्तरं लिहून आणा, पुढच्या बैठकीत वाचून दाखवा, आणि पटली नाहीत तर ती घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जा.